दुकानातला केमिस्ट आणि शोध लावणारा केमिस्ट

आपल्याकडे 'केमिस्ट' म्हटले की मेडिकलचे दुकान आठवते. नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये अशी दुकाने ओळीने आहेत. चिठ्ठी द्यायची, गोळ्यांची स्ट्रिप घ्यायची, पैसे मोजायचे आणि घरी यायचे. गोळी कंपनीने बनवली हे सगळ्यांना ठाऊक असते. पण कंपनीने ती बनवण्याआधी तिच्यातला औषधी पदार्थ कुणीतरी शोधलेला असतो, हे घरात क्वचितच बोलले जाते. हा शोध घेणाराही केमिस्टच. त्याला मेडिसिनल केमिस्ट म्हणतात. उर्दू शाळेतली मुले ज्या विषयाला कीमिया म्हणतात आणि मराठी शाळेतली मुले रसायनशास्त्र, तोच त्याचा विषय.

हा केमिस्ट नेमके काय करतो? एखादा पदार्थ आजारावर थोडासा चालतो असे दिसले की त्याच्या रचनेत एकेक बदल करून पाहतो. एक भाग काढला, दुसरा जोडला, पुन्हा तपासले. एका बदलाने गुण वाढतो, पण पदार्थ पाण्यात विरघळत नाही. दुसऱ्याने विरघळतो, पण यकृताला त्रास होतो. असे शेकडो पदार्थ तयार होतात आणि बहुतेक बाजूला पडतात. एखादा टिकला तर आधी प्राण्यांवर, मग माणसांवर टप्प्याटप्प्याने चाचण्या होतात. सुरुवातीपासून रुग्णाच्या हातात पडेपर्यंत दहा-पंधरा वर्षे सहज जातात.

हे काम अमेरिकेत किंवा जर्मनीतच होते, असा आपला समज असतो. म्हणून डॉ. नोएल डिसोझा यांच्या कामाची ओळख करून द्यावीशी वाटते. त्याची सुरुवात मुंबईची आहे आणि पुढचा टप्पा आपल्या मराठवाड्यातला.

मुंबईत मुलुंडला हेक्स्ट या जर्मन कंपनीचे संशोधन केंद्र होते. भारतीय वनस्पतींतून औषधे शोधणे हे तिथले एक मोठे काम. तिथे कोलियस फोर्स्कोहली या वनस्पतीची तपासणी झाली. गुजरातेत हिला गरमर म्हणतात आणि तिच्या मुळ्यांचे लोणचे घालतात. या मुळ्यांतून वेगळ्या केलेल्या पदार्थाची रचना 1977 साली प्रसिद्ध झाली. त्या निबंधावर डिसोझा यांच्यासोबत पहिले नाव होते सुजाता भट यांचे. त्या पुढे आयआयटी मुंबईत रसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. हा पदार्थ रक्तदाब उतरवतो आणि हृदयाच्या आकुंचनाला जोर देतो, हे त्याच केंद्रातील दोहाडवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासून दाखवले. पदार्थाचे नाव पडले फोर्स्कोलिन.

आता रक्तदाबावर नवी गोळी आलीच, असे वाटेल. तसे झाले नाही. फोर्स्कोलिन पाण्यात नीट विरघळत नाही, त्यामुळे औषध म्हणून ते अडून बसले. पण 1981 मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवले की शरीरातल्या पेशींच्या आत निरोप पोचवणारी एक यंत्रणा हा पदार्थ थेट चालू करतो. तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत पेशींचा अभ्यास करताना फोर्स्कोलिन वापरले जाते. पाण्यात विरघळेल असे त्याचे बदललेले रूप जपानमध्ये तयार झाले आणि 1999 मध्ये तिथे हृदयविकाराच्या गंभीर रुग्णांसाठी इंजेक्शन म्हणून मंजूर झाले. म्हणजे पदार्थ सापडल्यावर वीस-बावीस वर्षांनी, दुसऱ्या देशात आणि दुसऱ्यांच्या हातून. ज्यांनी शोधले त्यांच्या वाट्याला औषधाचे नाव येईलच असे नसते. या पेशातली ही पहिली गोष्ट समजून घ्यायची.

डिसोझा पुढे वोक्हार्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात आले. हे केंद्र औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, चिकलठाणा एमआयडीसीत आहे. नांदेडहून मुंबईला जाणारी तपोवन एक्स्प्रेस त्याच शहरातून जाते. आपण कितीदा तिथून गेलो असू. तिथे जवळच जगाला हवे असलेले औषध शोधले जात होते, हे आपल्या गावीही नव्हते.

तिथले काम जंतूंविरुद्धच्या औषधांचे, म्हणजे अँटिबायोटिकचे. स्टॅफिलोकोकस नावाचा एक जंतू आहे. गळू, जखमेतला पू, शुगरच्या पेशंटच्या पायाची चिघळलेली जखम, यांत तो वारंवार सापडतो. जुनी औषधे वापरून वापरून या जंतूच्या काही जाती त्यांना दाद देईनाशा झाल्या. शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेले व्हॅन्कोमायसिनही ज्याच्यावर चालत नाही असा स्टॅफिलोकोकस 2002 मध्ये अमेरिकेत सापडला आणि डॉक्टरमंडळी हादरली.

औरंगाबादच्या चमूने सुरुवात केली ती नॅडिफ्लॉक्सासिन या जपानी औषधापासून. ते मुरुमांवर लावायच्या मलमात वापरले जाई. त्याच्या रेणूची दोन रूपे असतात, डाव्या आणि उजव्या चपलेसारखी. दिसायला सारखी, पण एकीच्या जागी दुसरी बसत नाही. मलमात दोन्ही मिसळलेली असत. या चमूने जास्त प्रभावी रूप तेवढे वेगळे केले आणि पाण्यात चांगले विरघळावे म्हणून त्याला आर्जिनिन या अमिनो आम्लाची जोड दिली. जे मलम होते ते शिरेतून देता येईल असे औषध बनू लागले. बरेच जंतू आत आलेले औषध पंप लावल्यासारखे बाहेर फेकतात. हे औषध त्या पंपाच्या तावडीत सहज सापडत नाही, हा त्याचा मोठा गुण.

2005 मध्ये या कामाचा निबंध औषधी रसायनशास्त्राच्या नामांकित अमेरिकी नियतकालिकात आला. पहिले नाव डिसोझा यांचे. पुढे गुप्ते, देशपांडे, देसाई, भावसार, येवले, शुक्ला, पटेल, झा, अमेरिकेतले काही सहकारी आणि शेवटी कंपनीचे प्रमुख खोराकीवाला. ही यादी मी वर्गात फळ्यावर लिहिते. मुले आधी आडनावे वाचतात, मग एकमेकांकडे पाहतात. यातली कितीतरी आडनावे त्यांच्या हजेरीपटावर आहेत.

त्यानंतरही पंधरा वर्षे गेली. पोटातून घेता येईल असे त्याचे दुसरे रूप तयार झाले, रुग्णांवर चाचण्या झाल्या, आणि 2020 मध्ये भारतात दोन्ही रूपांना मंजुरी मिळाली. इंजेक्शनचे नाव लेव्होनॅडिफ्लॉक्सासिन. त्वचेच्या गंभीर संसर्गावर आणि मधुमेहींच्या पायाच्या जखमांवर ते आज डॉक्टरांच्या हाताशी आहे. वोक्हार्टचेच नॅफिथ्रोमायसिन हे न्यूमोनियावरचे, रोज एकदा असे तीनच दिवस घ्यायचे औषध नोव्हेंबर 2024 मध्ये दिल्लीत जाहीर झाले.

हे सगळे आत्ता का सांगते आहे? नीटचा निकाल लागला की नांदेड आणि लातूरमध्ये घरोघरी दोनच प्रकारचे चेहरे दिसतात. लातूरच्या ट्यूशन एरियात दोन वर्षे राहून आलेली माझी एक जुनी विद्यार्थिनी यंदा थोड्या गुणांनी राहिली. रसायनशास्त्रात तिला सर्वांत जास्त गुण आहेत. तिला बीएस्सी करायचे आहे. तिची अम्मी मला भेटायला आली तेव्हा म्हणाली, "बाजी, बीएस्सी करके क्या करेगी? लोग पूछेंगे तो क्या बोलूं, डॉक्टर नहीं बनी इसलिए?"

मी तिला वाट सांगितली, आणि वाटेतले खड्डेही सांगितले. वाट अशी. बीएस्सीला रसायनशास्त्र, मग सेंद्रिय रसायनशास्त्रात एमएस्सी. आपल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात, म्हणजे घरून ये-जा करून हे शिक्षण होऊ शकते. चांगली तयारी असेल तर बीएस्सीनंतर जॅम परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी करता येते. ज्यांनी बीफार्म केले त्यांच्यासाठी नायपरची परीक्षा आहे. एमएस्सीनंतर सीएसआयआर-नेट उत्तीर्ण होऊन फेलोशिप मिळाली तर पीएचडी करताना महिन्याला 37,000 रुपये मिळतात. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था, सगळे महाराष्ट्रातच आहे.

खड्डे असे. पीएचडी होईपर्यंत वयाची सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे होतात. तोवर नातेवाईक रिश्त्यांचे विषय काढणार. फेलोशिप सगळ्यांना मिळत नाही. नुसत्या एमएस्सीवर सुरुवातीचा पगार बेताचा असतो. कंपन्या धोरण बदलतात, संशोधन केंद्रे विकली जातात. मुलुंडचे ते केंद्रसुद्धा 1998 मध्ये निकोलस पिरामल कंपनीने घेतले. हे माहीत असूनही मुलीला हा विषय आवडत असेल, तर तो तिने निवडलेला पहिला मार्ग आहे असे माना. नापासाची दुसरी पायरी म्हणून तिच्या कपाळी तो चिकटवू नका. घरचेच तसे बोलू लागले तर मूल मन लावून शिकत नाही. आणि लोकांनी विचारलेच, तर डॉक्टर ज्या औषधाच्या भरवशावर चिठ्ठी लिहितो ते शोधायला शिकते आहे, असे सांगा.

जाता जाता घरातली एक गोष्ट. एक नवे अँटिबायोटिक यायला पंधरा-वीस वर्षे लागतात, आणि ते निकामी करायला आपल्या सवयी पुरेशा असतात. ताप आला की चिठ्ठीशिवाय दोन गोळ्या आणणे, बरे वाटले की स्वतःच्या मनाने बंद करणे, उरलेल्या डब्यात ठेवून शेजारच्या मुलाला देणे, सर्दीवर अँटिबायोटिक मागणे. सर्दी बहुधा विषाणूंमुळे होते, तिच्यावर हे औषध चालतच नाही. पण अशा प्रत्येक वापरात शरीरातल्या जंतूंना त्या औषधाची ओळख होते, आणि त्यातले चिवट तेवढे उरतात. पुढे अब्बांच्या पायाची जखम चिघळते तेव्हा तेच औषध चालत नाही.

म्हणून या महिन्यात एवढे करा. घरातला औषधांचा डबा उघडा. त्यात उरलेली अँटिबायोटिक असतील तर ती कुणालाही देऊ नका, स्वतःही घेऊ नका. पुढच्या वेळी डॉक्टरांनी लिहून दिले तर किती दिवस घ्यायचे ते तिथेच विचारा आणि तेवढे दिवस घ्या. आणि बारावीचे मूल घरात असेल तर त्याला एकदा शांतपणे विचारा, तुला कोणता विषय खरेच आवडतो. उत्तर कीमिया असे आले, तर घाबरू नका.