स्थानकाचे संग्रहालय होताना

जुन्या रेल्वे इमारतीला ‘सांस्कृतिक केंद्र’ करण्याची टूम निघाली की पॅरिसच्या ओर्सेचे नाव हमखास पुढे येते. बोरीबंदरच्या इमारतीतील रेल्वेची कार्यालये हलवून तेथे भव्य संग्रहालय करावे, असा विचार रेल्वे मंत्रालयाने २०१७ च्या अखेरीस मांडला, तेव्हाही आम्हांला प्रथम ओर्सेच आठवले. मात्र हा दाखला जितक्या सहजपणे दिला जातो तितका तो सरळ नाही. त्यातील पेच वास्तुशास्त्रज्ञांपेक्षा साहित्याच्या अभ्यासकांना अधिक जवळचा वाटावा, असे आमचे मत आहे.

ओर्से स्थानक १९०० साली, जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने, सेन नदीकाठी उभे राहिले. पलीकडच्या तीरावर लूव्रचा राजवाडा. त्याच्यासमोर लोखंडी सांगाडा उघडा दिसणे शोभले नसते. म्हणून वास्तुकार व्हिक्तॉर लालू यांनी आयफेल मनोऱ्याहूनही अधिक धातू वापरून उभारलेल्या या इमारतीवर दगडाचा दिमाखदार मुखवटा चढवला. स्थानक राजवाड्यासारखे दिसते, ते कलादालनालाच अधिक शोभेल, असा शेरा एका चित्रकाराने त्याच वर्षी मारला होता. थट्टाच ती, पण पुढे शब्दशः खरी ठरली.

गंमत अशी की ज्या विजेमुळे हे स्थानक शक्य झाले, तिनेच ते निकामी केले. गाड्या विजेवर चालणार, धूर नाही, म्हणून नक्षीदार छताखाली, बंदिस्त दालनात फलाट घेता आले. पुढे विद्युतीकरण दूरवर पसरले, गाड्या लांबल्या आणि १९३९ पर्यंत ओर्सेचे फलाट त्यांना अपुरे पडू लागले. लांब पल्ल्याच्या गाड्या गेल्या. उरली ती उपनगरी वाहतूक. आज या संग्रहालयात क्लोद मोने यांचे १८७७ मधील सां-लाझार स्थानकाचे चित्र आहे. त्यातला निळसर धूर पाहताना प्रेक्षक नकळत तो धूर याच छताखाली कल्पितो. पण वाफेच्या इंजिनाचा धूर या छताने कधी पाहिलाच नाही! संग्रहालय झालेले स्थानक स्वतःच्या इतिहासाऐवजी एकंदर ‘स्थानका’चे चित्र पाहणाऱ्यापुढे कसे ठेवते, याचा याहून बोलका नमुना आम्हांला ठाऊक नाही.

ओर्सेचा स्वतःचा इतिहास मग कोठे आहे? आमच्या मते तो एका पुस्तकात आणि एका चित्रपटात आहे. १९४५ च्या वसंतात जर्मनीतून परतणाऱ्या युद्धकैद्यांसाठी आणि छळछावण्यांतून वाचलेल्यांसाठी येथे स्वागतकेंद्र होते. मार्गरीत द्युरास यांचे पती रोबेर आंतेल्म हे छळछावणीत होते. त्या दिवसांत द्युरास याच स्थानकात परतणाऱ्यांच्या रांगांमध्ये बातमी शोधत हिंडल्या. ‘ला दुलर’ हे त्यांचे पुस्तक १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी, १९८६ च्या डिसेंबरात, संग्रहालय उघडले. उद्घाटन करणारे राष्ट्राध्यक्ष फ्रान्स्वा मितराँ म्हणजे १९४५ मध्ये दाखाऊच्या छावणीत मरणपंथाला लागलेल्या आंतेल्म यांना शोधून काढणारेच गृहस्थ. एवढा योगायोग एखाद्या कादंबरीकाराने योजला असता, तर आपण समीक्षकांनी त्याला बेतीवपणाबद्दल झोडपले असते.

चित्रपट ऑर्सन वेल्स यांचा. काफ्काच्या ‘द ट्रायल’वरील त्यांच्या १९६२ च्या चित्रपटाचे काही चित्रीकरण झाग्रेबला झाले; पैसा आटला तेव्हा ते या ओस पडलेल्या स्थानकात आले आणि त्याच्या भग्न दालनांतून त्यांनी न्यायालय उभे केले. ताटकळणे हेच ज्या कथेचे सार, तिला प्रतीक्षालयाचीच जागा मिळाली.

एवढे असूनही ओर्सेचे संग्रहालय झाले ते योग्यच झाले, असे आम्ही म्हणू. १९७० च्या सुमारास ते पाडून तेथे हॉटेल बांधण्याचे घाटत होते. पण ‘ले आल’ या जुन्या बाजाराचे लोखंडी मंडप १९७१ मध्ये पाडले गेले, पॅरिसकर हळहळले, आणि त्या हळहळीचा लाभ ओर्सेला झाला. त्याआधीच ते स्थानक म्हणून जवळजवळ संपले होते. मधल्या काळात तेथे लिलाव झाले, नाटकमंडळीही राहून गेली. रिकाम्या घरात नवे बिऱ्हाड आले, कोणाला बाहेर काढावे लागले नाही. गाए आउलेन्ती यांनी आत रचलेल्या दगडी दालनांबद्दल मतभेद असतील; आम्हांलाही ती जराशी थडग्यांसारखी वाटतात. असो.

बोरीबंदरची गोष्ट येथेच वेगळी होते. १८५३ मध्ये जेथून ठाण्याकडे पहिली गाडी निघाली, त्या स्थानकाच्या जागी फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांची ही इमारत १८७८ ते १८८८ या काळात उभी राहिली. जीआयपी रेल्वेचे आणि पुढे मध्य रेल्वेचे मुख्यालय तेथेच राहिले. २००४ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतले, ते ती चालू स्थानक असतानाच. २०१७ मध्ये ती रिकामी नव्हती. रिकामी करावी, असे म्हटले जात होते. कर्मचारी संघटनांनी विरोध केला, तेव्हा त्यांना वारशाची जाण नाही, असा सूर काही ठिकाणी लागला. आम्हांला तो सूर खटकला. ज्या इमारतीचा वारसाच मुळी कारभाराचा आहे, तेथून कारकुनाला उठवून त्याच्या टेबलाची प्रतिकृती काचेआड ठेवायची, यात संस्कृती नेमकी कोणत्या बाजूला आहे?

संग्रहालयाला आमचा विरोध नाही. इमारतीचा काही भाग पाहणाऱ्यांसाठी खुला असावा, घुमटाखालचा तो अधांतरी भासणारा जिना विद्यार्थ्यांनी पाहावा, हे आम्हांलाही हवे आहे. पण त्या जिन्यावर पाहुण्यांना वाट देताना फायलींचा गठ्ठा घेतलेल्या माणसालाही वाट असावी. ओर्सेमध्येसुद्धा तळघरातून उपनगरी गाड्या आजही धावतात. तिकीट काढून मोने पाहणाऱ्याच्या पायांखालून कोणी कामावर चाललेला असतो.