भाड्यानं राहा, पण कागदावर राहा

लग्नाच्या बोलणीत मुलाकडच्यांना एक प्रश्न हमखास येतो: "घर स्वतःचं आहे का?" उत्तर "भाड्याचं" असं आलं की बैठक जरा गप्प होते. मुलगा इंजिनिअर असो, शिक्षक असो की सायझिंगमध्ये हिशेब लिहिणारा असो, भाड्याचं घर म्हणजे अजून बस्तान बसलेलं नाही, असा अर्थ काढला जातो. मला हा अर्थ मान्य नाही. भाड्यानं राहणं हा शहाणपणाचा निर्णय असू शकतो. खरी काळजी आपण ते ज्या पद्धतीनं करतो त्याची आहे. बहुतेक ठिकाणी ते तोंडी बोलीवर चालतं. ना पावती, ना करार.

आधी भाड्याच्या घराच्या सुखाबद्दल बोलू, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही. मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम इचलकरंजीतून करतो आणि दोन बेडरूमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून हे गाव मागाच्या खटखटीवर जगतं. जुन्या वस्त्यांत घर आणि माग यांच्यात एकच भिंत असते. ज्याला दिवसातून चार वेळा हेडफोन लावून मीटिंगला बसायचं आहे, त्याला मागापासून लांबची खोली ही चैन नसते, तो रोजगाराचा भाग असतो. तीन भावांचे तीन संसार एका घरात असले की सकाळी मोरीपुढे रांग लागते. नव्या सुनेला स्वतःच्या मनानं चहासुद्धा करता येत नाही. दहावीची मुलगी अभ्यासाला बसते ती सगळे झोपल्यावर. अशा वेळी वडिलोपार्जित घरापासून दहा मिनिटांवर भाड्याचा फ्लॅट घेतला तर घर तुटत नाही. उलट पुष्कळदा नाती सुधारतात. आई संध्याकाळी येते, नातवाला घेऊन बसते आणि दोन्ही घरांत भांडण न होता दिवस जातो.

दुसरं सुख म्हणजे हलता येतं. नोकरी बदलली, मुलांची शाळा बदलली, शेजार नकोसा झाला, की करार संपवून पुढे जाता येतं. विशीत-तिशीत वडिलांची पुंजी आणि आईचे दागिने एकाच फ्लॅटमध्ये पुरून टाकण्यापेक्षा तो पैसा शिक्षणाला किंवा धंद्याला लावणं अनेकांना परवडतं. शिवाय आपल्यातले बरेच तरुण व्याजाच्या प्रश्नामुळे गृहकर्ज घेत नाहीत. त्यांच्यासाठी भाड्याचं घर ही चार-पाच वर्षांची तात्पुरती सोय नसते. आयुष्याची बरीच वर्षं त्यात जाणार असतात. म्हणूनच ते नीट घेता आलं पाहिजे.

नाव विचारल्यावर

पण आपल्याला घर मिळणं इतरांइतकं सोपं नाही, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. फोनवर भाडं ठरतं, डिपॉझिट ठरतं, मग नाव विचारलं जातं आणि फ्लॅट "कालच गेलेला" असतो. हा अनुभव इथलाही आहे आणि पुण्या-मुंबईचाही. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात मुस्लिमांना पसंतीच्या भागात घर घेताना किंवा भाड्यानं मिळवताना येणाऱ्या अडचणींची नोंद आहे. पुढे सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि परिसरात सारख्याच ऐपतीची, पण वेगवेगळ्या आडनावांची माणसं घर शोधायला पाठवली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात उच्चवर्णीय हिंदू नावांना घर सहज मिळालं, दलितांना अवघड गेलं आणि मुस्लिमांना सगळ्यात अवघड.

कायदा इथे फारसा मदतीला येत नाही. संविधानाचं कलम १५ भेदभावाला मनाई करतं, पण ती मुख्यतः शासनाला लागू होते. खासगी घरमालकाला धर्मावरून नाही म्हणण्यापासून रोखणारी तरतूद आपल्या भाडेकायद्यात नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सभासदत्व एका समाजापुरतं ठेवणं वैध ठरवलं. केंद्रानं २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा आणला. त्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नसावं असं म्हटलं आहे, पण भेदभावाबद्दल तो गप्प आहे. इचलकरंजीजवळच्या कुरुंदवाडमध्ये मशिदींत गणपती बसतो आणि त्याची बातमी दरवर्षी कौतुकानं छापली जाते. ते कौतुक खरंच आहे. पण त्याच भागात "खान" किंवा "मुल्ला" आडनाव सांगितल्यावर फोन ठेवला जातो, हेही खरं आहे. भेदभावबंदीची मागणी लावून धरलीच पाहिजे, आणि दलित, भटके, एकट्या राहणाऱ्या स्त्रिया अशा सगळ्यांना बरोबर घेऊन.

आपल्या मोहल्ल्यातलं घर

बाहेरची दारं बंद झाली की माणूस मोहल्ल्यात परत येतो. तिथे घर मिळतं, आणि बहुतेक वेळा ते जबानीवर मिळतं. "आपलीच माणसं आहेत, कागद कशाला?" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. मग मध्येच हजार रुपये भाडं वाढतं. मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं की आठ दिवसांत खोली रिकामी करा म्हणून निरोप येतो. डिपॉझिटमधून रंगाचे, नळाचे, कशाकशाचे पैसे कापले जातात आणि हिशेब मागणारा उद्धट ठरतो.

याची सगळ्यात मोठी झळ आपल्यातल्याच दुबळ्यांना लागते. उत्तर प्रदेश-बिहारहून मागावर कामाला आलेला कामगार चार जणांबरोबर एका खोलीत राहतो आणि त्या खोलीचा एकही कागद त्याच्याकडे नसतो. तलाक झालेल्या किंवा नोकरीसाठी एकट्या राहणाऱ्या मुलीला आपलेच मालक "सोबत कोण आहे?" असं विचारून परत पाठवतात. कुणाला बिरादरी विचारली जाते, कुणाला मसलक. बाहेरच्या भेदभावाविरुद्ध बोलताना आपला आवाज खणखणीत हवा असेल, तर आतला हा भेदभाव आधी थांबवावा लागेल.

जबानीचं मोल मी कमी करत नाही. दोन व्यापाऱ्यांमध्ये ती चालते, कारण दोघांनाही उद्या एकमेकांची गरज असते. मालक आणि भाडेकरू यांच्यात तसं नसतं. किल्ली एकाकडे असते आणि सामान दुसऱ्याचं रस्त्यावर येतं. ज्यांना धर्माचा दाखला हवा, त्यांच्यासाठी सूरह बकराची २८२वी आयत आहे, कुरआनातली सर्वांत मोठी. ठरावीक मुदतीचं देणं लिहून ठेवा आणि साक्षीदार घ्या, असं ती सांगते. डिपॉझिट हे मुदतीनंतर परत करायचं देणंच असतं.

कायदा काय देतो

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं. ते खोटं असल्याचं मालकाला सिद्ध करावं लागतं. नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

इथे दोन गैरसमज दूर करू. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा पहिला. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, त्यातून अकरा महिन्यांची पद्धत पडली. महाराष्ट्रात मात्र कलम ५५ मुळे अकरा महिन्यांचा करारही नोंदवावा लागतो. स्टॅम्पवर लिहून नोटरी केली की झालं, हा दुसरा गैरसमज. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे.

खर्च किती? समजा भाडं ८,००० रुपये आहे, डिपॉझिट ४०,००० आणि मुदत अकरा महिने. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटच्या वर्षाला १० टक्के धरलेल्या व्याजावर पाव टक्का लागतं, म्हणजे अडीचशेच्या आसपास. शहरात नोंदणी फी १,००० रुपये. एका महिन्याच्या भाड्याच्या पावपट रकमेतही हे बसतं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर आधार, अंगठा आणि वेबकॅम वापरून ती घरबसल्या होते. ज्याला जमत नाही त्याच्यासाठी अधिकृत सेवा पुरवणारे आहेत, त्यांची फी वेगळी.

हा कागद घर सोडेपर्यंत कामाला येतो. आरटीईच्या २५ टक्के जागांसाठी अर्ज करताना भाडेकरार नोंदणीकृतच लागतो. गॅस, पासपोर्ट, आधारवरचा पत्ता बदलताना तो उपयोगी पडतो. घर बदललं की मतदार यादीतला पत्ता बदलण्यासाठी अर्ज क्रमांक ८ भरा. २०२५ मध्ये बिहारमध्ये याद्यांची विशेष फेरतपासणी झाली, तेव्हा नावं वगळण्याच्या कारणांत "कायमचे स्थलांतरित" हेही एक होतं. भाडेकरूचं नाव यादीतून पुसलं जाणं किती सोपं असतं, हे त्यातून कळतं.

घर बघायला जाताना

काही गोष्टी पहिल्याच भेटीत विचारा. लाइट बिल आणि घरफाळ्याची पावती कुणाच्या नावावर आहे? भाडं घेणारा मालकच आहे की त्याचा भाऊ? मीटर स्वतंत्र आहे की सबमीटर, आणि युनिटचा दर काय? आपल्या गावात नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून टाकी किती मोठी, बोअर आहे का, टँकर मागवला तर पैसे कुणाचे, हे स्पष्ट करून घ्या. घर नदीच्या बाजूला असेल तर २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी कुठवर आलं होतं, हे मालकाला नको, शेजाऱ्याला विचारा. घर दिवसा एकदा आणि रात्री एकदा बघा. मागाचा खरा आवाज रात्री कळतो.

करारात डिपॉझिट किती दिवसांत परत मिळेल, कशासाठी कापलं जाईल, भाडं कधी आणि किती वाढेल, नोटीस किती दिवसांची, आणि वाद झाला तरी लाइट-पाणी तोडलं जाणार नाही, हे लिहून घ्या. भाडं यूपीआयनं द्या. रोख दिलंत तर पावती घ्या. किल्ली मिळाली त्या दिवशी सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ काढून मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती मालकानं द्यायची असते. ती आपणहून पुढे करा, पण माहिती देणं म्हणजे परवानगी मागणं नव्हे. मुंबई-मुंब्र्याकडे चालतं तसं "हेवी डिपॉझिट, भाडं शून्य" कुणी सुचवलं तर फार जपून. घर आधीच बँकेकडे तारण असेल, तर तुमच्या काही लाखांच्या आधी बँकेचा हक्क येतो.

"करार मागितला तर हे घरही जाईल"

हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे, आणि तो मला मित्रांकडून नेहमी ऐकू येतो. ज्याला दहा ठिकाणी नकार मिळाला, तो अकराव्या मालकापुढे कायद्याचं कलम कसं काढणार? खरं आहे. म्हणूनच हे ओझं एकट्या भाडेकरूवर टाकून चालणार नाही. ती मोहल्ल्याची रीत झाली पाहिजे.

मालकांशी बोलताना त्यांच्याच भीतीपासून सुरुवात करता येते. "भाडेकरू ताबा सोडणार नाही" ही भीती १९४७ च्या मुंबई भाडेकायद्याच्या काळातून आली आहे, जेव्हा भाडी जुन्या दरावर गोठली आणि भाडेकरू पिढ्यान्‌पिढ्या राहिले. आज लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही कुणी घर सोडलं नाही, तर कलम २४ नुसार मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो, आणि राहणाऱ्याला दुप्पट दरानं भरपाई द्यावी लागते. लेखी करार मालकाच्या हातातला भक्कम पुरावा आहे. कागद नसलेला मालकच जास्त अडचणीत येतो.

हे काम करायला मोठी संघटना लागत नाही. इंजिनिअरिंग आणि वकिलीची मुलं-मुली प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. रविवारी दोन तास, एखाद्या वाचनालयात किंवा मशिदीच्या हॉलमध्ये, एक लॅपटॉप आणि एक अंगठ्याचं यंत्र घेऊन बसा. मराठी आणि उर्दूत सोप्या कराराचा नमुना ठेवा. जुन्या भाडेकरूंचे करार नोंदवून द्या, मागावरच्या कामगारांचे आधी. मग जुम्याच्या नमाजनंतर इमामांनी मालकांना दोन वाक्यांत सांगावं: तुमचा करार नोंदवा, आणि एकट्या बाईला, परगावच्या मजुराला दार बंद करू नका.

बाहेरच्या मालकाचं मन बदलायला वेळ लागेल, कायदा बदलायला त्याहून जास्त. आपल्या गल्लीतल्या मालकाशी मात्र येत्या रविवारीच बोलता येईल.