गाडीची पाकाळणी

परवा भाच्याचा पुण्याहून फोन आला. "मामा, गाडी परत द्यायची तारीख आली. आतला गुलाल काही केल्या निघत नाही."

गाडी त्याची नव्हे. कंपनीनं चार वर्षांच्या लीजवर घेऊन दिलेली; हप्ता दरमहा पगारातून कापला जाणारा. मुदत संपली की ठरलेली किंमत भरून गाडी ठेवून घ्यायची, नाही तर परत द्यायची. पण गाडी दारात आली त्याच आठवड्यात तिनं वाडी रत्नागिरीचा डोंगर चढला. चाकाखाली लिंबू फुटलं, बॉनेटवर हार चढला. पुढं दरसाल चैत्र यात्रेची गर्दी ओसरली की केर्लीवरून वर जोतिबाला. तिथं गुलाल-खोबरं उधळलं जातं, माणूस नखशिखांत गुलाबी होतो आणि तसाच गाडीत बसतो. यात्रेनंतर देवळाचीसुद्धा पाकाळणी होते, धुऊनपुसून सगळं स्वच्छ करतात. गाडीची कोण करणार?

सूनबाईंनी ओलं फडकं फिरवलं आणि रुपयाएवढा डाग ताटाएवढा झाला. गुलालाला आधी पाणी लावायचं नसतं. कोरड्या ब्रशनं झाडायचं, मशीननं ओढून घ्यायचं, मग उरेल त्याला साबण. हे आमच्या आईला ठाऊक होतं. तिनं गाडी कधी घेतली नाही ही गोष्ट वेगळी.

पण फोनचं खरं कारण गुलाल नव्हतं. ते नंतर निघालं. मागच्या वर्षी डोंगरावर गाडी मागं घेताना डावं दार दगडी कठड्याला घासलं होतं. विमा असूनही यानं कुणाला कळवलं नव्हतं. आता इथल्या उद्यमनगरातल्या एका मिस्त्रीनं भरवसा दिला होता, "लांबी भरून रंग मारतो साहेब, बापाला कळायचं न्हाई." भाचा विचारत होता, मारू का?

मी नको म्हटलं. त्याला ते आवडलं नाही. "सगळेच करतात, मामा."

सगळेच करतात, हे मी बँकेत तीस वर्षं ऐकलं. हप्ते थकले की टेम्पो, रिक्षा, ट्रॅक्टर जप्त होऊन यायचे. आदल्या रात्री नवी बॅटरी उतरून जुनी बसलेली असायची, चांगले टायर जाऊन गुळगुळीत आलेले असायचे, जॅक आणि स्टेपनी तर जणू कंपनीनं दिलीच नव्हती. आम्हीही डोळे वटारून यादी करायचो. एक टेम्पोवाला मात्र अजून आठवतो. ऊसतोडीचा हंगाम बुडाला, धंदा बसला. नोटीस जायच्या आधीच तो स्वतः टेम्पो घेऊन शाखेच्या दारात आला. धुतलेला, टाकी निम्मी भरलेली. दोन्ही किल्ल्या टेबलावर ठेवल्या, आणि "क्लचप्लेट घासलीय साहेब, लिहून घ्या" असं आपणहून सांगितलं. डॅशबोर्डवरचा जोतिबाचा फोटो तेवढा काढून खिशात घातला. मी रिपोर्टात "स्थिती उत्तम" लिहिलं, क्लचप्लेटसकट.

१८७२ च्या करार कायद्यात दुसऱ्याची वस्तू वापरायला घेणाऱ्यावर दोन साधी बंधनं आहेत. कलम १५१ म्हणतं, शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी घ्या. कलम १६० म्हणतं, मुदत संपली की मालकानं मागायची वाट न पाहता परत करा. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, अशी रीत असलेल्या घरांत हे कलम वाचून दाखवायची गरज पडू नये. पण भांड्यावर नाव कोरलेलं असतं. लीजच्या गाडीवर आपल्याला आपलंच नाव दिसतं, कारण हप्ता आपल्या पगारातून जातो.

कंपन्याही काही धुतल्या तांदळासारख्या नाहीत. नेहमीच्या वापरानं होणारी झीज कोणती आणि नुकसान कोणतं, ही रेघ त्याच ओढतात. म्हणून भाच्याला बँकेतली सवय सांगितली. करार काढून किलोमीटरची मर्यादा वाच. चारही बाजूंचे, सीटचे, मीटरचे फोटो तारखेसह काढ. सर्व्हिसच्या पावत्या, विमा, पीयूसी एका फाइलीत लाव. दुसरी किल्ली शोध. ती नेहमी आईच्या कपाटात असते. थकलेली ई-चलनं भर, फास्टॅगचं काय करायचं ते लेखी विचार, नाही तर किणीच्या नाक्यावर दुसऱ्याचा टोल तुझ्या खात्यातून जाईल. मोबाइलला जोडलेले फोन नंबर गाडीच्या पडद्यावरून पूस. आणि दाराचं आधीच कळव.

त्यानं कळवलं. बरेच पैसे कापले जाणार होते, सूनबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

ठरल्या दिवशी तपासणीला एक तरुण आला. टॉर्च घेऊन त्यानं सगळी गाडी पाहिली, दाराची नोंद आधीच हातात होती. शेवटी त्यानं एसी चालू केला, आणि जाळीतून चार वर्षांचा गुलाल भस्सकन त्याच्या पांढऱ्या शर्टावर आला. भाचा गार पडला. पोरगा साताऱ्याकडचा निघाला. शर्टाकडं पाहून म्हणाला, "चांगभलं."

एसी साफ करायचे पैसे मात्र त्यानं लावलेच.