दोन अंडी, पाच पाव

भायखळ्याचा बायकांचा तुरुंग. तारीख २३ जून २०१७. सकाळच्या शिध्यात दोन अंडी आणि पाच पाव कमी भरले. जाब विचारला मंजुळा शेट्येला. ती जन्मठेपेची कैदी, वर्तणूक चांगली म्हणून वॉर्डर केलेली. तिला बेदम मारलं. त्याच रात्री जे. जे.त ती मेली. तुरुंगातल्या सहाजणींवर खुनाचा गुन्हा लागला. दुसऱ्या दिवशी आतल्या बाया छतावर चढल्या, गळा काढून ओरडल्या, तर दोनशेच्या आसपास कैद्यांवर दंगलीचा गुन्हा! मेलेलीसाठी बोंब मारली की दंगल होते. वा रे कायदा.

दोस्तांनो, ज्यांच्यावर आरोप आहे त्या सहाहीजणी बायाच. १९८२ साली शीला बरसे नावाची पत्रकार मुंबईच्या तुरुंगात पंधरा बायांशी बोलली. पाचजणींनी सांगितलं, पोलीस कोठडीत आम्हाला मारलं. सुप्रीम कोर्टाने हुकूम दिला की बायांची कोठडी वेगळी करा, पहाऱ्याला बाया ठेवा. चांगलंच केलं. पण पहाऱ्यावर बाई आली म्हणून काठीची जात बदलत नाही, हे भायखळ्याने दाखवलं.

आणि जात म्हणाल तर ती गेटवर उतरवून ठेवलेली नव्हतीच. बंगालच्या तुरुंग नियमात लिहिलेलं होतं की झाडूवाला मेहतर किंवा हाडी जातीचा असावा. हे इंग्रजाचं पाप म्हणून सोडून देऊ नका, स्वातंत्र्यानंतरच्या सरकारांनी ते जपून ठेवलं. सुकन्या शांता या पत्रकारबाई कोर्टात गेल्या तेव्हा कुठे ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने असले नियम रद्द केले आणि रजिस्टरातला जातीचा रकाना काढायला सांगितलं. बाबासाहेबांची घटना तुरुंगाच्या भिंतीआड पोचायला पंचाहत्तर वर्षं लागली!

२०२२ च्या सरकारी आकड्यांत देशात २३,७७२ बाया तुरुंगात होत्या. १,५३७ जणींच्या कडेवर पोरं. सहा वर्षांपर्यंत पोर आईजवळ राहू शकतं, पुढे त्याचं त्याने बघायचं. देशातल्या एकूण कैद्यांत चारातले तीन कच्चे, म्हणजे गुन्हा अजून शाबीतच नाही.

नवरा आत गेला तर बायको मुलाकातीच्या रांगेत उन्हातान्हात उभी राहते. बायको आत गेली की नवरा, सासर, माहेर सगळे एका रात्रीत परके. वकील नाही, जामीनदार नाही. जामीन मंजूर होऊनही ती आतच, कारण तिच्या झोपडीला कुणी कागद देत नाही.

३१ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टाने यावर साफ सांगितलंय. जामीन मिळून सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंगाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. महिना उलटला तर कोर्ट आपणहून अटी सैल करू शकतं. कागद चांगला आहे, आतल्या बाईला तो कोण वाचून दाखवणार?

आपणच की! नुसती पोस्टरं रंगवून भागणार नाही. आपल्या वस्तीतली कोण बाई आत आहे, केस नंबर काय, जामीन कधी झाला, पोर कुणाकडे आहे, हे घरोघर विचारा. वहीत लिहा. वही घेऊन विधी सेवा प्राधिकरणाच्या दारात बसा, आणि सही-शिक्क्याची पोच मिळाल्याशिवाय उठू नका.