चढण आणि आत्मवंचना

‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. जवळ गेल्यावर डोंगरावरचे दगडधोंडे आणि काटेकुटे दिसू लागतात, असा तिचा सरळ अर्थ. सायकलवरून घाट चढणाऱ्याला मात्र तिचा आणखी एक अर्थ उमगतो. डोंगर दूर असतो तोवर आपल्या मनातील स्वतःचे चित्रही साजरे असते. चढण लागली, की आपल्या तयारीतील उणिवा दिसू लागतात.

माझ्यासारख्या हौशी सायकलस्वाराला पदक मिळवायचे नसते. त्याच्यासमोर प्रतिस्पर्धी नसतो आणि परीक्षकही नसतो. अशा ठिकाणी फसवाफसवीला वावच नसावा, असे वाटते. प्रत्यक्षात तसे नाही. फसवण्यासाठी दुसरे कोणी नसले, तर माणूस स्वतःला फसवतो. या सवयीलाच आत्मवंचना म्हणतात.

सपाट रस्ता या सवयीला खतपाणी घालतो. सपाटीवर सायकलस्वाराची बरीचशी शक्ती हवेचा विरोध मोडण्यात खर्च होते. वेग दुप्पट झाला, तर हा विरोध चौपट होतो. त्यामुळे पाठीमागून थोडासा वारा असला किंवा पुढच्या सायकलस्वाराच्या आडोशाने जाता आले, तरी श्रम एकदम हलके होतात. मग आपल्याला वाटते, आज पायांत बळ आले! परतताना तोच वारा समोरून येतो आणि आपण म्हणतो, वाऱ्याने घात केला. जाताना वेगाचे श्रेय पायांना आणि येताना संथपणाचा दोष वाऱ्याला, असा हा सोयीस्कर हिशेब असतो.

शाय डेव्हिडाई आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २०१६ साली याच स्वभावावर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. समोरचा वारा माणसाला सतत जाणवतो, पाठीमागचा मात्र तो लवकर विसरतो, हे त्यांनी आयुष्यातील अनेक उदाहरणांवरून दाखवले. आईवडील आपल्याशीच अधिक कडक वागले, असे एकाच घरातील भावंडांपैकी प्रत्येकाला वाटते, हे त्यांपैकी एक उदाहरण. आपल्या वाट्याच्या अडचणी आपण नेमक्या मोजतो. आपल्याला मिळालेले साहाय्य मात्र मोजायचे राहून जाते.

आता सातारा जिल्ह्यातील पसरणीचा घाट घेऊ. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७२० मीटर उंचीवर आहे, तर पाचगणी सुमारे १,२९० मीटर उंचीवर. म्हणजे बारा-एक किलोमीटरच्या रस्त्यात सुमारे ५७० मीटरांचा चढ. मोटारीतल्या प्रवाशाला खिडकीतून कृष्णेचे खोरे आणि धोम धरणाचे पाणी पाहताना हा चढ जाणवतही नाही. सायकलस्वाराला मात्र तो मीटरामीटराने जाणवतो. स्वार आणि सायकल यांचे एकत्रित वजन ८० किलो धरले, तर ते एवढ्या उंचीवर नेण्यासाठी साधारण साडेचार लाख ज्यूल कार्य करावे लागते. सावकाश चढा किंवा भरभर चढा, हा आकडा बदलत नाही. त्यातच आपले शरीर अन्नातून मिळालेल्या ऊर्जेपैकी जेमतेम चौथा हिस्सा पॅडलपर्यंत पोहोचवते. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. म्हणूनच थंडीच्या पहाटेही घाटात अंग घामाने भिजते.

घाटात वेग इतका मंदावतो, की वाऱ्याची मदतही फारशी उरत नाही आणि अडथळाही उरत नाही. उरते ती वजन, उंची आणि शक्ती यांची साधी बेरीज-वजाबाकी. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा मान वेगळा दिला जात आला आहे, त्यामागेही हेच कारण असावे. सपाटीवर घोळक्यात लपता येते, घाटात तसे लपता येत नाही.

तरीही आपण पळवाटा शोधतोच. पहिली पळवाट बाजारातून जाते. सायकल जड आहे, म्हणून चढ जमत नाही, असे आपण म्हणतो. समजा, पुष्कळ पैसे मोजून दोन किलोंनी हलकी सायकल घेतली. एकूण ८० किलोंत दोन किलो म्हणजे अडीच टक्के. तासाभराच्या चढणीत त्याने फार तर दीड मिनिट वाचेल. नाचता येईना अंगण वाकडे, यापेक्षा या तक्रारीत फारसे काही नाही.

दुसरी पळवाट सरावातून जाते आणि ती अधिक फसवी आहे. सोपा सराव सोपा असावा आणि कठीण सराव खरोखर कठीण असावा, हे सरावाचे जुने तत्त्व. सोप्या दिवशी सायकल चालवताना पूर्ण वाक्य सहज बोलता यावे. कठीण दिवशी दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागावा. बहुतेक हौशी मंडळी मात्र रोज मधल्याच वेगाने जातात. त्यामुळे दमल्याचे समाधान तर मिळते; पण विश्रांतीही पुरी होत नाही आणि शक्तीही फारशी वाढत नाही. महिन्याच्या अखेरीस वहीत किलोमीटरांचा मोठा आकडा जमतो आणि घाट पूर्वीइतकाच अवघड राहतो.

यावर कोणी म्हणेल, थोडी आत्मवंचना हवीच. ‘त्या वळणापर्यंतच जायचे आहे’ अशी मनाची समजूत घातल्याशिवाय घाट चढता येईल काय? हा प्रश्न रास्त आहे. परंतु येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. पुढच्या वळणापुरता विचार करणारा माणूस मोठ्या कामाचे लहान तुकडे करत असतो. वळणे अजून पुष्कळ आहेत, हे त्याला पक्के ठाऊक असते. याला युक्ती म्हणावे. चढ संपत आला, असे मानून पाण्याची बाटली अर्ध्यातच रिकामी करणारा मात्र स्वतःला फसवत असतो. युक्तीला सत्य ठाऊक असते, वंचना ते झाकून ठेवते.

आत्मवंचनेचे दुसरे रूपही ओळखायला हवे. ‘हे माझ्याच्याने होणार नाही’ हे वाक्य नम्रतेचे वाटते. पण पुष्कळदा तेही मोजमाप टाळण्याचे निमित्त असते. प्रयत्न करून पाहिलाच नाही, तर अपयश कधीच सिद्ध होत नाही. फुशारकी आणि न्यूनगंड ही दोन टोके वाटली, तरी दोघांनाही घाटाच्या पायथ्याशी जाणे नको असते.

आपल्या देशात सायकल ही प्रामुख्याने हौसेची वस्तू नाही. दूध, वर्तमानपत्रे, गॅसची टाकी लादून रोज पूल आणि चढ पार करणाऱ्यांना ‘सराव’ हा शब्द वापरण्याचीही सवड नसते. त्यांच्यापैकी कित्येक जण दिवसभराच्या कामानंतर पुस्तक उघडून बसतात. हे शिक्षण म्हणजे समोरच्या वाऱ्यातील चढणच आहे. तो वारा खरा आहे आणि त्याची जाणीव असणे गैर नाही. तथापि अभ्यासातही मोजमाप योग्य हवे. किती पाने वाचली, हा किलोमीटरांचा आकडा झाला. पुस्तक मिटून, वाचलेले स्वतःच्या शब्दांत लिहून पाहणे, ही चढण. तेथे पाच ओळी लिहिता आल्या, तर तेवढे आपले. पुढच्या आठवड्यात सात ओळी आल्या, तर दोन ओळींची प्रगती झाली. हा आकडा लहान दिसेल. परंतु तो खरा असेल आणि पुढचा सराव कोठून सुरू करायचा, हेही त्यावरूनच कळेल.