नाण्याला मार्क किती?

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच विषय आहे. आईच्या डब्यातल्या रुपयांचं काय करायचं? डब्यात एकूण २३ रुपये आहेत, बहुतेक राणीछाप आणि पंचम जॉर्जचे. शिवाय चार-पाच शिवराया आणि एक १९३९ सालचा रुपया. अमेरिकेतल्या भाच्याचं म्हणणं असं : "मावशी, नुसते डब्यात पडून आहेत. ग्रेडिंग करून घेऊ, म्हणजे किंमत तरी कळेल. दिवाळीला येईन तेव्हा मीच घेऊन जातो." यावर ग्रुपमध्ये सात अंगठे आले. माझं उत्तर अंगठ्यात मावणारं नाही, म्हणून इथे लिहितेय.

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत पीसीजीएस (१९८६) आणि एनजीसी (१९८७) अशा दोन मोठ्या कंपन्या आहेत. आपण फी भरून नाणं पाठवायचं. तिथले परीक्षक, नाणं कोणाचं आहे हे माहीत नसताना, ते खरं की खोटं आणि किती झिजलंय ते बघतात आणि १ ते ७० मधला एक आकडा देतात. ६० च्या पुढे गेलं म्हणजे नाणं व्यवहारात फिरलेलंच नाही. मग ते प्लास्टिकच्या पक्क्या डबीत बंद होऊन परत येतं, वर क्रमांकाची पट्टी. तो क्रमांक इंटरनेटवर कोणालाही पडताळता येतो.

आता ७० च का? १०० का नाही? याची गोष्ट मजेशीर आहे. विल्यम शेल्डन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली जुन्या अमेरिकन सेंटवर पुस्तक लिहिलं. त्याचा हिशोब असा की सगळ्यात झिजलेलं नाणं एक डॉलरचं धरलं तर तेच नाणं अगदी कोरं असेल तर ७० डॉलरचं. म्हणजे हा आकडा मुळात गुण नव्हताच, भाव होता! भाव केव्हाच बदलले, आकडा मात्र राहिला. (या गृहस्थाने न्यूयॉर्कच्या नाणेसंस्थेच्या संग्रहातली चांगली नाणी उचलून त्या जागी स्वतःची हलकी ठेवली होती, हे पुढे उघड झालं. असो.)

मी ग्रेडिंगच्या विरुद्ध नाही, हे आधीच सांगते. अनोळखी माणसाकडून महागडं नाणं घेताना तिसऱ्या कोणीतरी ते तपासलेलं असणं ही मोठी सोय आहे. आणि ही कल्पना आपल्याला नवीन नाही. पोतदार हे आडनाव आलं कुठून? खजिन्यात आलेलं नाणं पारखून घेणारा तो पोतदार. सराफही रुपया वाजवून बघायचे आणि खात्री पटली की त्यावर बारीकसा ठसा मारायचे.

पण माझी पहिली अडचण इथेच सुरू होते. सराफाचा तो ठसा म्हणजे त्या काळचं खरेपणाचं प्रमाणपत्र. आजच्या परीक्षकाच्या लेखी मात्र ती इजा. आणि त्याहून मोठी इजा आपण दरवर्षी करतो. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आईने हे रुपये चिंचेने, कधी रांगोळीने, पुढे पुढे पीतांबरीने घासून लख्ख केले. तिच्या आधी आजीने केले. घासलेलं नाणं भिंगाखाली लगेच कळतं. सारख्या बारीक रेघा दिसतात, वरची मूळ चकाकी गेलेली असते. अशा नाण्याला आकडा मिळत नाही. 'खरं आहे, पण साफ केलेलं' अशा अर्थाचा शेरा मिळतो. तो शेरा मी इथे बसून फुकट लिहून देते :-)

दुसरी अडचण शिवराईची. शेल्डनची पट्टी यंत्रावर पाडलेल्या नाण्यांसाठी होती. शिवराई हाताने ठोकलेली. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे एका बाजूचं 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूचं 'छत्रपति' पूर्ण उमटलेलं नाणं सापडणं हेच नशीब. अक्षर झिजून गेलं की मुळात उमटलंच नव्हतं, हे ठरवायला शिवराया हाताळलेला माणूस हवा. राणीच्या रुपयाचंही तसंच आहे. १८६२ सालचा छाप पुढे १८७४ पर्यंत तेच साल घालून पाडला जात होता. कुठल्या वर्षीचा ते बारीक टिंबांवरून ओळखावं लागतं. तिथे झिजेच्या मार्कांपेक्षा टिंबं मोजणं जास्त कामाचं.

तिसरी गोष्ट ग्रुपवर कोणीच बोललं नाही, आणि ती सगळ्यात महत्त्वाची. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षं पूर्ण झालेलं नाणं हा पुरावशेष आहे. तो खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, मग तो आपल्याच आईचा का असेना. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद, आणि दंड वेगळा. 'परत आणणारच आहे' ही पळवाट नाही. आपल्या डब्यातले राणीचे सगळे रुपये, १९२२ पर्यंतचे जॉर्जचे आणि शिवराया यात येतात. पोराच्या बॅगेत आपण प्रेमाने काय भरून देतोय, याचा विचार सात अंगठेवाल्यांनी करावा.

उरला १९३९ चा रुपया. त्याला अजून शंभर वर्षं झालेली नाहीत. ते साल दुर्मीळ म्हणून प्रसिद्ध, त्यामुळे नकलाही भरपूर. इथे तपासणीला खरंच अर्थ आहे, कारण प्रश्न मार्कांचा नसून खरं-खोट्याचा आहे. पण आधी सराफाच्या काट्यावर वजन करू. ११.६६ ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. मग मुंबई-पुण्यातल्या जाणत्या संग्राहकाला दाखवू. दोन्हीत पास झाला तर फी भरायचा विचार. आणि 'जुनं नाणं द्या, लाखो घ्या' या जाहिराती कृपया ग्रुपवर टाकू नका. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच अशा फसवणुकीबद्दल लोकांना सावध केलं होतं.

मला कळतं की भाच्याचा प्रश्न पैशाचा नाही. आई गेल्यावर डबा कोणाकडे, हे आपण अजून ठरवलेलं नाही, आणि आकडा मिळाला तर वाटणी सोपी होईल असं त्याला वाटतंय. पण घासलेल्या २३ रुपयांचे मार्क काढून ती सोपी होणार नाही, ती आपल्यालाच बसून करायची आहे. माझं मत : प्रत्येक भावंडाने आपल्या पूजेसाठी काही रुपये घ्यावेत आणि खुशाल दरवर्षी धुवावेत. शिवराया आणि १९३९ चा रुपया मात्र कोणी घासू नये. त्यांचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून, कोणाकडून आले ते लिहून, वेगवेगळ्या कागदी पाकिटांत एकाच घरी ठेवावेत. घर कोणतं, ते दिवाळीला सगळे जमू तेव्हा ठरवू.

तुमच्याकडे अशा डब्यांचं काय केलंत? नक्की लिहा.