नदीचं नाव कुणाच्या कागदावर?

मैत्रिणींनो, मुंबईत नदी आहे म्हटलं की गावाकडच्या बायकांना नवल वाटतं. अहो, एक नाही, उपनगरांत चार आहेत! दहिसर, पोईसर, ओशिवरा आणि मिठी. आम्ही बोरिवलीकर मात्र दहिसर नदीला सर्रास ‘नाला’ म्हणतो. राष्ट्रीय उद्यानातून ती स्वच्छ उतरते. वस्तीत शिरली की सांडपाणी, तबेल्यांतलं शेण, कचरा सगळं तिच्या पदरात. मिठीचं पात्रही असंच आवळत गेलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा ती घराघरांत शिरली.

आता गंमत बघा. आपल्या कायद्यात देवळातल्या देवाला ‘व्यक्ती’ मानतात. त्याच्या नावावर जमीन असते, त्याच्या वतीने कोर्टात दावा लावता येतो. मग जिची आपण ओटी भरतो, त्या नदीला हा मान का नको? उत्तराखंड उच्च न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये गंगा-यमुनेला तो दिलाही, पण पालक नेमले ते सरकारी अधिकारी. पुढे ते सरकारच सर्वोच्च न्यायालयात गेलं. पुरात कुणी दगावलं तर भरपाई कोण देणार, हा त्यांचा एक सवाल. जुलैत निकालाला स्थगिती मिळाली. त्याच मार्चमध्ये न्यूझीलंडने वांगानुई नदीसाठी कायदा केला. तिथे पालक दोन: एक सरकारच्या वतीने, एक काठच्या माओरी जमातींच्या वतीने.

मला वाटतं, खरी मेख इथेच आहे. कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांतला फरक आपल्याला कुणी शिकवायला नको. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा वाटा दिला. तरी भावाशी वाईटपणा नको म्हणून हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या लेकी आजही आहेतच की! नदी तर बोलतही नाही. तिचे पालक फक्त अधिकारी असले, तर काठाला भिंती बांधणारे तेच आणि तिच्या वतीने दाद मागणारेही तेच. असा पालक तिच्या नावाने हक्कसोडच करणार.

म्हणून नदीला हक्क द्याच, पण पालकांत काठावरची माणसं हवीत, निम्म्या तरी बायका. पुराचा चिखल शेवटी आपणच उपसतो ना? कायदा होईल तेव्हा होईल. तोवर तुमच्या नगरपरिषदेत जाऊन एवढंच विचारा, गावाचं सांडपाणी नदीत कुठे कुठे सोडलंय आणि ते कधी बंद होणार? उत्तर लेखी मागा.